सोमवारचा पाव

गुरुवारी उपास. शुक्रवार प्रश्नांचा.
शनिवारी शिशाचे बिल्ले वाटतात,
अंगठ्याच्या नखाएवढे, चौकोनी.
ज्याच्या मुठीत बिल्ला
त्यालाच रविवारी मेजाशी जागा.

आमच्या बेटावर प्रभुभोजन वर्षातून दोनदाच,
आणि पाहुणे बोटी भरभरून.
त्या मार्चमध्ये आमच्याकडे अकरा जण:
पोटमाळ्यावर चार, गोठ्याला लागून तीन,
बाकीचे कुठे निजले ते आईलाच ठाऊक.
मी सतरा वर्षांची. पाव भाजायचं काम माझं,
घरचेही, देवळातलेही.
पीठ तेच, खमीर तेच, भट्टी तीच.
देवळात कोणता जाणार
हे मी पाव निवल्यावर ठरवायचे:
ज्याची पाठ फुटली नाही, तो.

मंडळीचे वडील पहिल्या बाकावर बसत.
माझे वडील शेवटच्या, दाराशी,
जिथे फटीतून वारा येऊन मानेवर बसतो.
सव्वीस वर्षं तिथेच.
धक्क्यावर म्हाताऱ्यांना हात देऊन उतरवणारा,
सगळ्यांचे ओले बूट चुलीशी ओळीनं मांडणारा
तॉर्मोद,
ज्यानं कधी बिल्ला मागितला नाही.

लोक म्हणायचे, भावामुळे.
म्हणजे लाखलन काका, ज्याला मी पाहिलंच नाही.
जळणाची काळी माती कापतात त्या रानातला बांध,
दोन हात रुंद, दलदलीचा,
त्यावरून तीन वर्षं अबोला.
मग एका फेब्रुवारीत
समुद्रानं दोघांपैकी एकाला नेलं
आणि भांडण दुसऱ्याकडे ठेवलं.

रविवारी पाळक मेजाला कुंपण घालतात,
शब्दांचं:
चोरानं येऊ नये, खोटी शपथ घेणाऱ्यानं येऊ नये,
भावाशी ज्याचं मन फाटलं आहे त्यानं...
इथे ते दरवेळी थांबून खोकायचे.
मला तो खोकला खरा वाटायचा नाही.

मग लांब मेज, पांढरं कापड,
पावाचा तुकडा हातातून हातात,
आणि एकाच पेल्याला सगळ्यांचे ओठ.
एरवी चहाच्या कपाची कड पदराआड
तीन-तीनदा पुसून घेणारी म्हातारी ऑइग्रिक
इथे काही पुसत नाही.
त्या तासापुरता उष्टं हा शब्द
बेटावरून उठून गेलेला असतो.
मी वरच्या सज्जातून बघायचे,
पेला पुढून मागे येताना
आणि दारापासून सहा बाकं अलीकडे थांबताना.

सोमवारी आभाराची उपासना झाली, बोटी सुटल्या.
मंडळीच्या एका वडिलांनी उरलेला अर्धा पाव
फडक्यात बांधून माझ्या हाती दिला.
"भोजन झालं. आता हा नुसता पाव.
कोंबड्यांना घाल हवं तर."
आमची शिकवण तशी स्पष्ट आहे.
मी कोंबड्यांना घातला नाही.

चुलीवर शेकला, लोणी लावलं,
वडिलांपुढे ठेवला.
"हा कुठला?"
"तिथला."
त्यांचा हात ताटलीच्या वर
बराच वेळ तसाच राहिला.
"आता नुसता ना?"
न्यायाधीशाला विचारावं तसं विचारलं त्यांनी,
आणि माझ्या तर कोपरापर्यंत पीठ.
"मीठ कमी पडलंय," मी म्हणाले. "माझंच चुकलं."

त्यांनी मोडून दोन तुकडे केले.
एक खाल्ला, सावकाश,
दाढ दुखत असल्यासारखा.
दुसरा मेजाच्या पलीकडच्या कडेला ठेवला,
जिथे कुणी बसलेलं नव्हतं,
आणि मेंढ्या बघायला निघून गेले.
तो तुकडा दुपारी कुत्र्यानं पळवला.
वडील त्याला ओरडले नाहीत.

सप्टेंबरात पुन्हा बिल्ले वाटले.
पुन्हा ते दाराशीच बसले, वाऱ्यात.
पण सोमवारी, मी चूल पेटवायला उठले तेव्हा,
अंधारात मेजाशी कुणीतरी होतं:
केस ओले करून,
नीट भांग पाडून.